हरकाऱ्याचे भोकरदन

वाहनाचा ठावठिकाणा दूर बसलेल्या मालकास घटकेघटकेला कळविणाऱ्या यंत्राची कुळी सांगताना जाणकार बहुधा अमेरिकेची वाट धरतात. क्वालकॉमने १९८८ साली ट्रकांसाठी उपग्रहसेवा काढली, जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ऑनस्टार आणले, आणि नागरी जीपीएसमध्ये बुद्ध्या मिसळलेली अशुद्धी २ मे २००० पासून बंद होताच बाजार फोफावला. हा वंशवृक्ष खरा असला तरी तो नातवंडांचा आहे. मूळ पुरुषाचा शोध घ्यायचा तर, माझ्या मते, केळना नदीकाठच्या भोकरदनास यावे लागते.

सप्टेंबर १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या मागावर असलेल्या आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीस हरकाऱ्यांनी, म्हणजे जासुदांनी, खबर दिली, की तळ भोकरदनास आहे. तीवर विसंबून त्याने कर्नल स्टीव्हन्सनसह २४ तारखेस एकत्र हल्ला करण्याचा बेत आखला. परंतु २३ तारखेस, मजल संपते न संपते तोच, शत्रू अवघ्या सहा मैलांवर असल्याचे त्याला कळले आणि स्टीव्हन्सनविनाच आसईची लढाई जुंपली. पुढे १ नोव्हेंबरच्या पत्रात त्याने टॉमस मन्रोस उलगडा केला तो असा, की भोकरदन हे गावाचे नाव तसेच भोवतालच्या मुलखाचेही. फौजेची उजवी बगल भोकरदनास असली, तरी ज्या पायदळावर चालून जायचे ते सहा-आठ मैल दूर आसईस होते. हरकारे खोटे बोलले नव्हते. जे नाव कसब्याला आणि मुलखाला एकच, ते स्थळाची खूण म्हणून पुरे पडले नाही, इतकेच.

येथे प्रतिपक्ष उभा राहतो. कोणी रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसच्या रथाकडे बोट दाखवितात, ज्याच्या दातेरी चक्रांतून दर मैलास एक खडा खालच्या पात्रात पडे. कोणी गाडीचा वेग कागदी चकतीवर उमटविणाऱ्या टॅकोग्राफाकडे. दोन्ही दावे मला अमान्य आहेत. चाक किती फिरले हे खडा सांगतो आणि वेग किती होता हे चकती, पण गाडी कोठे आहे हे दोन्ही सांगत नाहीत; चौदा मैल चाललो हे ठाऊक असलेला मनुष्य आसईस पोचला की भोकरदनास, हा प्रश्न खड्यांची रास उपसूनही सुटणार नाही.

तो सुटला नावाऐवजी अक्षांश-रेखांश आल्याने, आणि गंमत अशी, की वेलस्लीच्याच ३३व्या पायदळ पलटणीतील विल्यम लँब्टन १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास लागला होता. ही मोजणी आसईच्या आधीची, म्हणून ती हरकाऱ्यांच्या खबरेतून उपजली असे म्हणता येणार नाही. परंतु दोहोंची गरज एकच होती, हे मी आग्रहाने म्हणेन. लँब्टन १८२३ साली हिंगणघाटास वारला. आज उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र जो हिशेब करते, तो मला त्याच घराण्याचा वाटतो.

आता सार्वजनिक प्रवासी गाड्यांत बसणारे यंत्र पाहावे. त्याचे एआयएस-१४० हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केले असून १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या अशा बहुतेक नव्या वाहनांस ते सक्तीचे झाले. आत सिम, बॅटरी आणि संकटकाळाचे बटण. अजिंठ्याच्या घाटात रेंज गेली, तरी ते नोंदी पोटात साठविते आणि रेंज येताच रवाना करते. हरकाऱ्याचा हा गुण त्याने अचूक उचलला आहे. मात्र गावाचे नाव न घेता ते केवळ आकडे धाडते. इकडे मालकाने फोनवर विचारले, तर चालक मात्र चार कोस अलीकडूनच खुशाल सांगतो, “आलोच, भोकरदनला आहे!”

या धंद्याचे मर्म येथेच आहे. गौण खनिजाच्या गाड्यांवर जीपीएस बसवावयास लावणारे महसूल खाते, भाड्याचा वाद मिटवू पाहणारा मालक आणि अपघाताचा दावा तपासणारी विमा कंपनी हे सारे यंत्रासाठी पैसे मोजतात वा इतरांस मोजावयास लावतात, ते चालकाच्या जबानीवर विसंबावे लागू नये म्हणून. वेलस्लीस त्या दिवशी ही सोय नव्हती. त्याची किंमत त्याच्या शिपायांनी मोजली.