१०९ तास आणि पंधरा महिने

१३ सप्टेंबर १९४८, पहाटेचे चार. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर हैदराबाद संस्थान ताब्यात घ्यायला निघालेल्या भारतीय फौजेच्या एका ट्रकच्या पाठीमागे तुम्ही बसला आहात. पुढे-मागे अंधारात गाड्यांची रांग लागली आहे. पावसाळा अजून सरलेला नाही. दोन्ही बाजूंची काळी रानं पाणी पिऊन फुगली आहेत. रणगाडा रस्त्यावरून खाली उतरला तर रुतून बसेल, म्हणून सगळ्या फौजेची भिस्त या एका रस्त्यावर आणि त्यावरच्या पुलांवर आहे. त्यातला पहिला महत्त्वाचा पूल नळदुर्गला, बोरी नदीवर. संस्थानाचा राजा निजाम याच्या सैनिकांनी तो उडवला, तर मोहीम तिथेच अडकेल.

पूल शाबूत हाती येतो. पण नळदुर्गचा मोर्चा सहजासहजी पडत नाही. दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग आपली तुकडी घेऊन शत्रूच्या मशीनगनवर चालून जातो. ठाणं हाकेच्या अंतरावर आलेलं असताना गोळ्यांची फैर त्याच्या मांडीत घुसते. तो कोसळतो, पण थांबत नाही. सरपटत पुढे जाऊन दोन हातबॉम्ब टाकतो आणि ती मशीनगन कायमची बंद करतो. मागे न्यायला आलेल्यांना तो नकार देतो आणि तिथेच प्राण सोडतो. पुढे त्याला अशोकचक्र मिळेल. नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला पोहोचते, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. एका दिवसात फौज निजामाच्या मुलखात साठ किलोमीटर आत शिरली आहे.

या फौजेचा सेनापती चाळीस वर्षांचा आहे. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी, पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख. मिशांवरून मित्रांनी त्यांना ‘मुच्छू’ हे नाव दिलं, ते इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीपासून चिकटलेलं. कलकत्त्याच्या मोठ्या घरात जन्म. आईचे वडील व्योमेशचंद्र बॅनर्जी, म्हणजे १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष. नातवाने मात्र घोडदळ निवडलं. दुसऱ्या महायुद्धात तो सुदान, इरिट्रिया आणि लिबियाच्या वाळवंटात लढला. १९४४ मध्ये सोळावी लाइट कॅव्हलरी त्याच्या हाती आली आणि ती घेऊन तो ब्रह्मदेशात उतरला. वेगाने पुढे घुसायचं, समोरच्याला सावरायला वेळ द्यायचा नाही, हे तो तिथे शिकला. तेच आता सोलापूर रस्त्यावर तुम्ही पाहताय.

राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद. १७ तारखेला संध्याकाळी पाच वाजता निजाम युद्धबंदी जाहीर करतो. १०९ तासांत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, तुम्ही हैदराबाद शहराबाहेरच्या रस्त्यावर उभे आहात. हैदराबादी फौजेचे सेनापती सय्यद अहमद अल इद्रूस समोरून येतात आणि चौधरींपुढे बिनशर्त शरणागती पत्करतात. दोघे हस्तांदोलन करतात. दोघेही एकाच ब्रिटिश शिस्तीत वाढलेले. काही मिनिटांचं काम. इथवरचं तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे. पण आता खरी गोष्ट सुरू होते, म्हणून इथून परत फिरू नका.

चौधरी आता हैदराबादचे लष्करी गव्हर्नर आहेत. सोळा जिल्हे, दीड कोटीहून अधिक माणसं, तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी. तुम्ही त्यांच्या कचेरीत डोकावता. दप्तर उर्दूत. तारखा फसली सनाच्या. व्यवहार हाली शिक्क्यात. जिल्ह्याचा कारभार पाहणारा अव्वल तालुकदार. चिलखती डिव्हिजनच्या प्रशिक्षणात यातलं काहीच नसतं. मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी डी. एस. बखले मुख्य मुलकी प्रशासक म्हणून शेजारी बसलेले आहेत. मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी मागवले जात आहेत. स्थानिक नोकरदारांना ते परके वाटतात, आणि हा सल पुढे बरीच वर्षं राहणार आहे.

कायद्याचा पेच तर आणखी मोठा. निजामाला गादीवरून काढलेलं नाही. त्यानेच फर्मान काढून आपले अधिकार लष्करी गव्हर्नरला दिले आहेत. म्हणजे लोकशाही देशाचा सेनापती एका पराभूत राजाच्या अधिकाराने राज्य करतो आहे. त्याच्यावर विधिमंडळ नाही, त्याला प्रश्न विचारायला निवडून आलेला कुणी नाही. दिल्लीत सरदार पटेलांचं संस्थान खातं आहे, तेवढाच धाक. एका माणसाच्या सहीत कायदा करण्याची आणि मोडण्याची ताकद आली की काय होऊ शकतं, हे त्याच काळात जगात अनेक देश पाहत होते.

आता मागे फिरून लातूरला चला. तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या राजवटीची पाठराखण करणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा पुढारी कासिम रझवी इथलाच वकील. गेली दोन वर्षं या भागाने रझाकारांचे अत्याचार सोसले आहेत: जळालेली गावं, लुटलेली घरं, सीमेपलीकडच्या छावण्यांत पळालेली कुटुंबं. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर मारलं गेलं, कारण मुसलमान असूनही त्यांनी भारतात सामील व्हा असं लिहिलं. रझवी आता कोठडीत आहे. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात जाईल.

पण लातूरच्या गल्ल्यांत आता दुसऱ्याच माणसांची प्रेतं आहेत. रझाकारांवरचा सूड ज्या मुसलमानांवर उगवला जातोय, त्यांतल्या बहुतेकांनी कधी हाती तलवार धरली नव्हती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती इथे येते. ती सोळापैकी नऊ जिल्हे फिरते आणि शेकडो माणसांशी बोलते. लातूरमध्ये कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, असं ती नोंदवते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त होरपळलेले चार जिल्हे. या मोहिमेत, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’मध्ये, आणि तिच्यानंतर संस्थानभर किमान २७,००० ते ४०,००० माणसं मेली, असा समितीचा अंदाज. काही ठिकाणी लष्कराच्या आणि पोलिसांच्या जवानांनीही यात भाग घेतला, असं ती लिहिते. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहकाऱ्यांना वाचवल्याचंही लिहिते. चौधरींबद्दल समितीचं मत चांगलं आहे: शिस्तीचे, धर्माचा आकस नसलेले. पण वरचा माणूस सज्जन असला तरी त्याचा हुकूम लातूरच्या गल्लीपर्यंत वेळेवर पोहोचला नाही. सरकारने तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकं तो कपाटात राहिला.

हे टाळून पुढे जाता येणार नाही. रस्ता जिंकायला साडेचार दिवस पुरले. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या गावांतलं सर्वांत दुबळं घर सुरक्षित ठेवण्याची तयारी मात्र कुणी केली नव्हती. बचित्तर सिंगसारख्या सैनिकांचं शौर्य याने उणावत नाही. राज्यकर्त्यांची जबाबदारी मात्र वाढते.

१९४९ मध्ये तुम्ही पुन्हा गव्हर्नरच्या कचेरीत आहात. फेब्रुवारीत निजामाची खाजगी मालकीची ‘सर्फ-ए-खास’ जमीन सरकारजमा झाली आहे. आता टेबलावर जहागिरी रद्द करणारा कायदा आहे, सन १३५८ फसलीचा. जहागीरदाराच्या गावात शेतसारा त्याचा, न्याय त्याचा, वेठही त्याचीच. १५ ऑगस्टपासून हे सगळं थांबणार. निवडून आलेल्या विधानसभेत हा कायदा वर्षानुवर्षं अडकला असता, तो इथे एका सहीने लागू होतोय. तुम्हाला आनंद होणं स्वाभाविक आहे. त्याच वेळी नलगोंडा-वरंगलकडे पाहा. तिथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शस्त्रं उचलली आहेत आणि त्यांच्यावर लष्कर चालून गेलं आहे. हजारो माणसं तुरुंगात आहेत. जहागीरदाराला हटवणारी आणि भूमिहीनांच्या बंडावर बंदूक रोखणारी सत्ता एकच आहे. लढा १९५१ च्या ऑक्टोबरपर्यंत चालेल.

१९४९ संपता संपता चौधरी खुर्ची सोडतात. मुदत वाढवून घेण्यासाठी ते कारण शोधत नाहीत. नोव्हेंबरमध्ये निजाम भारताची राज्यघटना मान्य करतो. २६ जानेवारी १९५० ला एम. के. वेल्लोडी हे मुलकी अधिकारी मुख्यमंत्री होतात आणि निजाम राजप्रमुख. १९५२ मध्ये लोक स्वतः सरकार निवडतात. तेव्हा चौधरी लष्करात आपल्या पुढच्या कामावर असतात.

आता काही वर्षं पुढे उडी मारा. पुणे, १९६१. चौधरी आता दक्षिण विभागाचे प्रमुख आहेत आणि गोव्याची मोहीम त्यांच्या हाताखाली आखली जात आहे. १८ डिसेंबरच्या पहाटे फौज आत शिरते, १९ च्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासाल्लो इ सिल्वा शरण येतात. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपते. सतराव्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल कुन्हीरामन कँडेथ लष्करी गव्हर्नर होतात. हैदराबादला पंधरा महिने लागले होते. कँडेथ जून १९६२ मध्ये, सहा महिन्यांच्या आत, सूत्रं मुलकी नायब राज्यपालाकडे देतात. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये गोंयकार मतदान करतात आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होतात. ही रीत आता बसली आहे: आत जायचं, व्यवस्था लावायची, बाहेर पडायचं.

ही रीत आपोआप बसत नाही. सँडहर्स्टला साधारण चौधरींच्याच काळात शिकलेला एक अधिकारी सीमेपलीकडे पाकिस्तानात होता: अयूब खान. त्यांनी १९५८ मध्ये देश ताब्यात घेतला आणि १९६९ पर्यंत सोडला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून झालेल्या पराभवानंतर, चौधरी भारताचे लष्करप्रमुख झाले आणि १९६५ च्या युद्धात हे दोघे समोरासमोर आले. चौधरी १९६६ मध्ये ठरल्या वेळी निवृत्त झाले आणि उच्चायुक्त म्हणून कॅनडाला गेले. दोघांकडेही एके काळी विधिमंडळाला न विचारता राज्य करण्याची सत्ता होती. एकाने ती परत दिली. त्याला माघारी बोलावणारं मुलकी सरकारही दिल्लीत खंबीर उभं होतं. दोन्ही गोष्टी लागतात.

आता तुम्ही आजच्या दिवसात परत आला आहात. तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, आणि ते व्हायलाच हवं. या मातीत माणसं स्वातंत्र्यासाठी मेली आहेत. पण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा धडा १७ तारखेच्या संध्याकाळी पाच वाजता संपवू नये. लातूरच्या त्या वीस दिवसांचा, १३५८ फसलीच्या कायद्याचा आणि १९४९ च्या अखेरीस रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीचा धडाही आपल्या मुलांना शिकवला पाहिजे. जिंकलेल्या सैन्याचा मोठेपणा दोन गोष्टींनी मोजावा: हरलेल्या बाजूच्या निरपराध माणसाला त्याने किती जपलं, आणि सत्ता लोकांच्या हाती किती लवकर दिली. हैदराबादमध्ये आपण दुसऱ्या कसोटीला उतरलो. पहिल्या कसोटीत कमी पडलो, आणि ते उघडपणे मान्य करणं हा मुक्तिसंग्रामाचाच राहिलेला भाग आहे.