ठरल्या वेळी दारात

डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीत कामाच्या दिवशी दुपारी बाराला पार्सल घेऊन माणूस येतो, तेव्हा कित्येक दारांना कुलूप असते. घरातली माणसे त्या वेळी फोर्टात, परळला नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलात. मग फोन येतो. वॉचमनकडे ठेवा, समोरच्या काकूंकडे द्या, ओटीपी सांगते, लिहून घ्या. पैसे रोख द्यायचे असतील तर पार्सल परत जाते आणि दुसऱ्या दिवशी नेमके दुपारीच पुन्हा येते.

यावर तोडगा म्हणून एक धंदा ठाणे-कल्याण पट्ट्यात अनेकांच्या मनात येतो. निरनिराळ्या कंपन्यांची पार्सले एका जागी जमा करायची आणि गिऱ्हाईक सांगेल त्या वेळी, म्हणजे बहुधा रात्री आठनंतर, घरपोच द्यायची. कल्पना आजची वाटते. पण ठरल्या वेळी दारात येणाऱ्या माणसाची परंपरा या भागात फार जुनी आहे. ती कशावर उभी होती हे पाहिले तर या धंद्याचे खरे दुखणेही कळते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. घर इथे आणि नोकरी मुंबईत, ही राहणी पुढे त्याच रुळांवर वाढली. अशा राहणीतला पहिला प्रश्न दुपारच्या जेवणाचा. तो मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये डबे पोहोचवण्याचे काम सुरू करून सोडवला. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसे या कामात आली. 1956 मध्ये त्यांच्या संस्थेची ट्रस्ट म्हणून नोंद झाली. भरभराटीच्या काळात सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे नेत, असे सांगितले जाते.

डबेवाल्यांच्या अचूकतेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे वेळ दोन्ही बाजूंनी पाळली जाते. डबेवाला दारात येईल तेव्हा डबा भरून तयार हवा. तो थांबत नाही, कारण त्याला ठरलेली लोकल गाठायची असते. पैसे महिन्याचे ठरलेले. रोजची वाट तीच, घरे तीच, मुकादमाच्या हाताखालची माणसेही तीच. एका डब्याच्या फेरीला वेगळी किंमत नाही. महिनाभराच्या सवयीला आहे. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा आणि दूधवाला यांचा हिशेबही असाच महिन्याचा. सकाळी सहाची वेळ पाळल्याबद्दल त्यांना कोणी वेगळे पैसे दिले नाहीत, कारण वेळ त्या महिन्याच्या पैशांतच धरलेली होती.

वस्तू घरी मागवण्याची रीत मात्र पोस्टाने लावली. 1877 मध्ये व्ही.पी.ची, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्टची, सोय सुरू झाली. पोस्टमनला पैसे मोजायचे, पार्सल घ्यायचे. पैसे मनिऑर्डरने विक्रेत्याकडे जायचे. पुस्तके, दिवाळी अंक, औषधे, घड्याळे अशी कितीतरी खरेदी मराठी घरांनी व्ही.पी.ने केली. 2010 मध्ये फ्लिपकार्टने माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय आणली, तेव्हा ती मोठी नवलाई मानली गेली. तिचे मूळ या व्ही.पी.त होते. पोस्टमन यायचा तो मात्र त्याच्या कामाच्या वेळी. दार बंद असेल तर सूचनेची चिठ्ठी टाकायचा आणि पार्सल काही दिवस पोस्टात पडून राहायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डबा असो, दूध असो, व्ही.पी. असो, घरात कोणीतरी आहे हे या सगळ्यांत गृहीत होते, आणि ते कोणीतरी म्हणजे घरातली बाई. सकाळी उठून डबा भरणारी, दूध घेणारी, पोस्टमनला सही देणारी. तिच्या वेळेचा हिशेब कोणत्याही व्यवस्थेने मांडला नाही. ती नोकरीसाठी बाहेर पडली, कल्याण-डोंबिवलीहून लेडीज स्पेशल भरून जाऊ लागल्या, परतीच्या गाडीत भाजी निवडणे सुरू झाले, नाक्यानाक्यावर पोळीभाजी केंद्रे निघाली. स्वयंपाकाचा बदल सर्वांना दिसला. दुपारी दार उघडणारे माणूस घरात राहिले नाही, हा बदल व्यापाऱ्यांच्या हिशेबात आलाच नाही. आजच्या घरपोच सेवेत उणीव आहे ती माल घेणाऱ्याची. आणणारा तर रोज येतोच.

पत्त्याची व्यवस्था मात्र केव्हाच चोख झाली होती. 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. ठाणे शहर मुंबईबरोबर 400 ने सुरू होणाऱ्या पिनकोडांत गेले. कल्याण, डोंबिवली, भिवंडी 421 मध्ये. याच 421 मधल्या भिवंडीच्या परिसरात पुढे गोदामांची प्रचंड वस्ती झाली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत, स्वस्त जागा, ही त्याची कारणे. म्हणजे डोंबिवलीकराने मागवलेला माल पुष्कळदा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन पडलेला असतो, आणि तो स्वतः मात्र पन्नासेक किलोमीटर दूर असतो. अंतर मालाने कापले आहे, वेळ जुळत नाही.

एप्रिल 2015 मध्ये फ्लिपकार्टने मुंबईच्या डबेवाल्यांमार्फत पार्सले पोहोचवण्याचा प्रयोग जाहीर केला. जुनी आणि नवी परंपरा तिथे समोरासमोर आली. पण डबेवाल्याचा दिवस सकाळी घर, दुपारी कचेरी आणि त्यानंतर रिकाम्या डब्यांसह परत घर असा बांधलेला. ज्या घरातून डबा निघतो तिथे बहुधा कोणी असते. ज्या घराला ठरल्या वेळेची खरी गरज, तिथून डबाच निघत नाही.

ठरल्या वेळेची सेवा परदेशांतही करून पाहिली गेली आहे. जपानमध्ये यामातो कंपनीने घरपोच पार्सलसेवा 1976 मध्ये सुरू केली आणि 1998 पासून गिऱ्हाइकाला वेळ निवडू दिली. तरीही पुन्हा फेरी मारण्याचा बोजा इतका वाढला, की 2017 मध्ये तिने दुपारी 12 ते 2 ची वेळ बंद केली. गाडीवाल्यांना जेवायला उसंत मिळत नव्हती. अमेरिकेत वेबव्हॅन ही कंपनी किराणा अर्ध्या तासाच्या ठरल्या मुदतीत पोहोचवत असे. 2001 मध्ये तिचे दिवाळे निघाले. प्रत्येक घराची वेगळी वेळ पाळणे महाग पडते, हे दोन्हीकडे दिसले. आपल्याकडे आता दहा मिनिटांत दूध-कोथिंबीर येते. ती सोय खरीच, पण मिक्सर, वह्या-पुस्तके, आईच्या गुडघ्याचा पट्टा यांना दहा मिनिटांची घाई नसते. त्यांना रात्री नऊला घरी असलेले माणूस हवे असते.

म्हणून माझे मत असे, की हा धंदा पार्सलमागे पैसे घेऊन चालणार नाही. तो डबेवाल्यासारखा महिन्याच्या वर्गणीवर आणि सोसायटीगणिक उभा करावा. एका सोसायटीला आठवड्यातल्या तीन ठरल्या रात्री, एकच माणूस, सगळ्या कंपन्यांची पार्सले एकत्र. परत करायचा मालही त्याच फेरीत. वेळ घराघराची वेगळी नको, इमारतीची एक हवी. या शहरांना ते जमण्यासारखे आहे, कारण इथली माणसे ठरलेल्या लोकलने जातात आणि ठरलेल्या लोकलनेच परततात. रात्री फिरणाऱ्या त्या माणसाला मात्र योग्य मोबदला आणि जेवायची उसंत मिळाली पाहिजे. कल्याण-डोंबिवलीत असे काही सुरू करू पाहणाऱ्या तरुणांनी अ‍ॅप बनवण्याआधी एका सोसायटीच्या कमिटीशी बोलावे, आणि त्या बैठकीला नोकरी करणाऱ्या बायकांना आवर्जून बोलवावे. वेळ त्यांना ठरवू द्यावी.