आद्य मूकपटांतील बालक, क्रोध व पश्चात्ताप

पोथी खंडित असली म्हणून संशोधक ती टाकून देत नाहीं. उरलेल्या पानांवरून काय सिद्ध होतें तें पाहतो. तोच न्याय लावून दादासाहेब फाळके यांच्या दोन मूकपटांतील बालकांच्या भूमिकांचा विचार आम्ही येथें करीत आहों.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याच्या सुमारें ३७०० फुटांपैकीं आज आरंभींचा व शेवटचा भागच उपलब्ध आहे. तोहि मूळचा, कीं १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या चित्रपटाचा, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. त्यांत प्रथम राजा पुत्र रोहिदासास धनुर्विद्या शिकवितांना दिसतो. पुढें मृगयेस गेला असतां त्याच्या हातून विश्वामित्राच्या अनुष्ठानांत विघ्न येतें. ऋषि कोपतो व त्याच्या शांत्यर्थ राजा राज्य देऊं करितो. क्रोध ऋषीचा, पश्चात्ताप राजाचा; भोग मात्र बालकाच्याहि वांट्यास येतात. १९१३ सालीं रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा पुत्र भालचंद्र यानें केली.

‘कालिया मर्दन’ (१९१९) हा नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा. त्याचे ६००० पैकीं ४४४१ फूट उरले आहेत. कृष्णाची भूमिका फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिची. कथेपूर्वीं केवळ या मुलीचा चेहरा दाखवून त्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांपुढें मांडिले आहेत. पुढें एक स्त्री कृष्णाच्या सवंगड्यावर पाणी उडविते आणि मुलें तिच्या घरचें लोणी चोरून अपमानाचा वचपा काढतात. मूळ कथेंत, म्हणजे भागवताच्या दशम स्कंधांत, नागपत्नींची करुणा ऐकून कालियास अभय देणाराहि हाच बालक होय.

यावरून आमच्या मतें एवढें निश्चित दिसतें कीं, पहिल्या चित्रपटांतील मूल वडिलांच्या कोपाचें फळ भोगतें. सहा वर्षांनंतरच्या चित्रपटांतील मूल स्वतः रागावतें. जेथें शब्द ऐकूं येत नाहीं, तेथें हा फरक मुखचर्येवरच वाचावा लागतो; म्हणून फुटाफुटाचें मोल आहे.

नायट्रेटची फीत ज्वालाग्राही व नाशवंत; त्या काळचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें (स्थापना १९६४) कांहीं रिळें राखिलीं. परंतु जाहिरातीचीं पत्रकें, कथासार-पुस्तिका व छायाचित्रें जुन्या दप्तरांतून अद्यापि सांपडणें शक्य आहे. संग्राहकांनीं रद्दी समजून तीं टाकूं नयेत, अशी आमची विनंति आहे.