बांबूची ताणशक्ती आणि तिची परीक्षा

बांबू पोलादाच्या तोडीचा असतो, हे वाक्य अलीकडे वारंवार कानी पडते. ते अगदीच खोटे नाही. पण त्यावर विसंबून कोणी स्लॅबमध्ये सळईऐवजी बांबू घालू लागला, तर प्रश्न डोक्यावरच्या छताचा होतो. म्हणून या वाक्याची थोडी पूर्वपीठिका पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

कोल्हापूरकरांना बांबू परका नाही. शाहूवाडी, राधानगरी, आजरा या डोंगरी भागांत त्याची बेटे आहेत. कौलांखालच्या कामट्या आणि बांधकामाची परांची ही त्याची कामे आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. कोवळा बांबू जाणता माणूस घेत नाही. तो रंग पाहतो, पेरावर ठोकतो, कामटी वाकवून बघतो. हीही परीक्षाच, फक्त तिला आकडा नाही.

हा आकडा मिळविणे मात्र अवघड निघाले. बांबू पोकळ, यंत्राचा जबडा आवळला की तो चिरतो, सैल ठेवला की निसटतो. म्हणून उभी कामटी काढून ती मध्यभागी तासून बारीक करावी लागते, म्हणजे ती तेथेच तुटते. धाग्यांची दाटी सालीकडे असल्याने सालीलगतची कामटी आतल्या कामटीहून पुष्कळ अधिक ओढ सोसते. गाठीपाशी धागे वाकडे होतात, तेथे ती लवकर तुटते. तेव्हा चौरस सेंटिमीटरला हजार किलो की दोन हजार, हे कामटी कोठली यावरही ठरते. साधी पोलादी सळई सुमारे अडीच हजारांना हार खाते; पण तिचे वजन बांबूच्या दसपटीहून अधिक!

या हिशेबानेच मोह उत्पन्न झाला. १९१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत चौ यांनी काँक्रीटमध्ये बांबू घालून पाहिला. १९५० साली क्लेमसन येथे ग्लेन यांनी तुळया मोडून पाहिल्या, इमारतीही उभारल्या. तेव्हा खोड उघडी पडली. ओल्या काँक्रीटमधले पाणी पिऊन बांबू फुगतो, मग वाळून आकसतो आणि त्याची पकड सुटते. डांबराचा हात द्यावा, तर थर जाड होताच तेच वंगण ठरते. शिवाय पोलादाच्या मानाने बांबू दसपट ताणला जातो. तो तुटण्याआधीच तुळईला भेगा पडतात.

आपल्याकडे देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेचे व्ही. डी. लिमये यांनी १९५२ साली मानवेलाच्या शक्तीवर निबंध प्रसिद्ध केला. वय आणि वाळवण यांनी बांबूची शक्ती कशी बदलते, हे त्यात मोजलेले आहे. आम्हांला हे काम मोलाचे वाटते. बुरडाच्या नजरेला तेथे आकडा मिळाला. पुढे १९७३ मध्ये गोल बांबूच्या आणि १९७६ मध्ये चिरलेल्या बांबूच्या परीक्षेची भारतीय मानके निघाली.

पकडीचा प्रश्न मात्र प्रयोगशाळेपुरता नाही. परांची बांधणारा बांबूला खिळा मारीत नाही, दोरीनेच आवळतो. खिळ्याने बांबू उभा चिरतो हे त्याला कोणत्याही मानकाआधीपासून ठाऊक आहे.