तोट्याची वाटणी

आमच्या वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव खडकवासल्याच्या कालव्यातून भरतो. कालव्याच्या वरच्या अंगाला पुणे शहर, खाली दौंड आणि इंदापूर. त्यामुळे ‘आवर्तन कधी सुटणार?’ या आमच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला असतो : वरच्याने खालच्यासाठी किती ठेवायचे?

श्रोतेहो, हा प्रश्न नवा नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. शेतकऱ्यांची जमीन साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेली. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवत. तोटा सर्वांत वाटला जाई. पाणी ज्याने त्याने घ्यायचे नाही, नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचे. पुढे वर धरणे झाली, विहिरी-पंप वाढले आणि पुष्कळ फड मोडले.

१९७२च्या दुष्काळानंतर शेजारच्या पुरंदरात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटायचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा आणि ऊस वर्ज्य.

दूर आफ्रिकेत, आजच्या माली देशात, नायजर नदीच्या पूरमैदानावर गुराखी, कोळी आणि शेतकरी यांचा हक्क एकाच भूमीवर. तिथे १८१८ साली सेकू अमादू यांनी ‘दीना’ हे राज्य स्थापले आणि कोणता कळप कुरणात कधी, कोणत्या वाटेने उतरेल, याचा क्रम बांधून दिला. अशा व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक मालमत्ता बुडतेच असे नाही. वापरणाऱ्यांनी नियम करून ते राखले तर ती टिकते, हे त्यांनी दाखवले.

आपल्याकडे २००५च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी घेण्याचा हक्क दिला. पण फडात वरच्याची जमीन खालीही असे, म्हणून खालचे दुःख त्याला कळे. कालव्यावर तसे नाही. मुखाजवळचा ऊस भिजतो, तेव्हा शेवटच्या चारीवरची ज्वारी त्याच्या दृष्टीआड असते. जे काम तिथे जमिनीच्या मांडणीने केले, ते इथे नियमालाच करावे लागेल. टंचाईत पहिली तोटी कोणाची बंद होणार, हे पाणी सुटण्याआधी, सर्वांसमक्ष ठरले पाहिजे.