केस सरळ करण्याच्या उपचारांची अ‍ॅलर्जी : लक्षणे उशिरा का दिसतात आणि तेव्हा काय करावे

तुम्ही शनिवारी पार्लरमध्ये स्मूदनिंग करून घेतले. त्या दिवशी काहीच झाले नाही. सोमवारी सकाळी उठलात तर पापण्या सुजलेल्या, कानामागे आणि मानेवर लाल पुरळ, खाज थांबत नाही. मग रविवारी काय खाल्ले ते आठवले जाते, किंवा डोळे आले असे समजून मेडिकलमधून थेंब आणले जातात. केसांवर संशय सर्वांत शेवटी जातो, कारण डोक्याची त्वचा बऱ्यापैकी ठीक दिसते आणि उपचार होऊन दोन दिवस उलटलेले असतात. या दोन्ही गोष्टी या अ‍ॅलर्जीत नेहमीच्याच आहेत.

दोन दिवसांनी का? आणि पापण्यांवर का?

ही अ‍ॅलर्जी कोळंबी खाल्ल्यावर लगेच गांधी उठतात तशी नसते. यात शरीरातील संरक्षक पेशी त्या रसायनाला ओळखून हळूहळू गोळा होतात. त्यामुळे लक्षणे साधारण 24 ते 72 तासांनी दिसतात. पहिल्या वेळी या पेशी रसायनाची फक्त ओळख करून घेतात. म्हणूनच "मागच्या वर्षी हेच केले होते, तेव्हा काही झाले नाही" यावरून अ‍ॅलर्जी नाही असे म्हणता येत नाही. ती दुसऱ्या किंवा पाचव्या वेळीही होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा कायम राहते.

डोक्याची त्वचा जाड असते, पापण्यांची अतिशय पातळ. केस धुताना ओघळणारे पाणी आणि इस्त्री करताना उठणारी वाफ कपाळ, कान, मान आणि डोळ्यांपर्यंत पोहोचते. पुरळ तिथेच उठते.

उपचार चालू असतानाच आग होत असेल तर तो प्रकार वेगळा. तिथे रसायन त्वचेला थेट भाजत असते आणि ते कोणालाही होऊ शकते. "थोडे चुरचुरतेच" असे कोणी म्हणाले तरी ऐकू नका, लगेच धुवायला सांगा. डोळ्यांत काही गेले तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

बाटलीत नेमके काय असते?

रिबाँडिंगमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट वापरतात. ते केसांमधले बंध तोडते, मग न्यूट्रलायझरने ते नव्या आकारात जोडले जातात. 'केराटिन', 'बोटॉक्स', 'नॅनोप्लास्टिया' अशा नावांनी मिळणाऱ्या उपचारांत बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. केराटिन हे केसांतलेच प्रथिन, पण नुसते केराटिन लावून कुरळे केस सरळ होत नाहीत. खरे काम ही रसायने आणि 200 अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री करते.

'फॉर्मल्डिहाइड-मुक्त' या शब्दांवर मी रुग्णांना विसंबू देत नाही. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळले की त्याचे मिथिलीन ग्लायकॉल होते. लेबलवर तेच नाव छापले जाते आणि इस्त्रीच्या उष्णतेने पुन्हा फॉर्मल्डिहाइडची वाफ बाहेर पडते. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या उत्पादनांतूनही तापवल्यावर ते निघू शकते. म्हणून थंड क्रीम हातावर लावून काही झाले नाही, यावरून इस्त्रीनंतर काय होईल ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी हे उपचार टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

"तीन दिवस केस धुऊ नका"

खरी अडचण इथे होते. पार्लरमध्ये तीन दिवस केस धुऊ नका असे बजावलेले असते आणि पुरळ नेमके त्याच तीन दिवसांत उठते. पाच-सात हजार रुपये मोजलेले असतात, घरात लग्न असते, आणि माणूस खाज सोसत बसतो. तोवर रसायन त्वचेवरच असते. तसे करू नका. पापण्या सुजल्या किंवा पुरळ उठले की कोमट पाणी आणि सौम्य शॅम्पूने केस नीट धुवा. डोके मागे झुकवून धुवा, म्हणजे पाणी चेहऱ्यावर येणार नाही. उपचार वाया गेला तरी चालेल. त्वचा बरी होईपर्यंत ड्रायर आणि इस्त्री बंद ठेवा.

सुजेवर थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाची घडी ठेवा. लिंबू, हळद, कापूर घातलेले तेल लावू नका, दुखावलेल्या त्वचेला ते आणखी झोंबते. मेडिकलमध्ये खाज-गजकर्णासाठी मिळणारी मिश्र क्रीम तर चेहऱ्याला मुळीच लावू नका. त्यांत बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस छान वाटते, पण ती लावत राहिलात तर त्वचा पातळ होते आणि पापण्यांवरच्या वापराने डोळ्यांतला दाबही वाढू शकतो.

त्वचारोगतज्ज्ञही स्टिरॉइडच देतात, पण चेहऱ्यासाठी सौम्य, मानेसाठी वेगळे आणि मोजक्या दिवसांसाठी. सूज फार असेल तर थोडे दिवस गोळ्या लागतात. सेटिरिझिनने खाज थोडी कमी वाटेल, पण ही अ‍ॅलर्जी त्याने थांबत नाही. रसायनाचा संपर्क तुटला तर बहुतेक रुग्ण एक ते तीन आठवड्यांत बरे होतात.

ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली तर वाट न पाहता 108 ला फोन करा. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. 2024 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या क्रीमने तिने तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. असे क्वचितच घडते. तरीही उपचारानंतर उलट्या, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणे असा त्रास झाला तर डॉक्टरांना केसांच्या उपचाराबद्दल सांगा. क्रिअ‍ॅटिनिनची साधी रक्ततपासणी लगेच करता येते.

अ‍ॅलर्जी कशाची, हे कसे कळते?

हजारो रुपयांचे रक्ताचे 'अ‍ॅलर्जी पॅनेल' इथे उपयोगी नाही, ते वेगळ्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीसाठी असते. हवी ती पॅच टेस्ट. पुरळ शमल्यावर पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नसते. येताना उत्पादनाच्या लेबलचा फोटो आणा. पार्लरवाले बाटली दाखवायला का-कू करत असतील तर निदान नाव लिहून घ्या.

फॉर्मल्डिहाइडची अ‍ॅलर्जी निघाली तर घरातल्या बाटल्याही तपासाव्या लागतील. क्वाटर्नियम-15, डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया ही फॉर्मल्डिहाइड सोडणारी परिरक्षके काही शॅम्पू आणि लोशनमध्ये असतात. नखे टणक करणाऱ्या काही पॉलिशमध्ये आणि सुरकुत्या न पडणाऱ्या कपड्यांवरही फॉर्मल्डिहाइड असू शकते. नवे कपडे धुऊनच घाला.

तुम्ही स्वतः पार्लरमध्ये काम करत असाल आणि बोटांच्या बेचक्यांत भेगा पडत असतील, सुट्टीत त्या बऱ्या होऊन कामावर परतल्यावर पुन्हा येत असतील, तर तेही इसब याच रसायनांचे असू शकते. पॅच टेस्ट तुमच्यासाठीही आहे.