सोन्याच्या करंडकातील खापऱ्या

बोरिवलीच्या उत्तरेस, नालासोपारा येथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असा पंडितजींचा तर्क. तो सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुरणाऱ्यांनी ते अमोल मानले, हे निर्विवाद आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंना सोने, चांदी, स्फटिक, तांबे यांची पात्रे वर्ज्य आहेत. अनुज्ञा आहे ती लोखंडाची व मातीची. सोपाऱ्यात ही वर्ज्य द्रव्ये मातीचे वेष्टन झाली.

ते भांडे घडविणारा कुंभार कोण? जपानात क्योटोच्या राकू घराण्याने १६ व्या शतकातील चोजिरोपासून आजच्या १६ व्या पिढीपर्यंत आपल्या कुंभारांची नावे जपली आहेत. आपल्याकडे, बोरिवलीच्याच कान्हेरी लेण्यांत, सोपाऱ्याचा मणिकार नागपालित दाता म्हणून कोरलेला आहे. लेखात नाव यायचे तर दानाइतके द्रव्य गाठीशी हवे. खापऱ्यांचा कुंभार अनामिकच राहिला. अभ्यासकांनी आता करंडकांइतकेच या मातीकडेही पाहावे, असे आम्हांस वाटते. तिच्या घटकांवरून भांडे कोकणातले की मगधातले, निदान कुंभाराच्या प्रदेशाविषयी एवढे कळू शकते.